क्लचची हवा काढूनही पेडल परत मऊ होतं? आधी हवा शिरते कुठून ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चेंबूरच्या एका गृहस्थांकडे २००३ सालची डिझेल क्वालिस आहे. महिनाभर क्लच पेडल मऊ लागतंय, पहिला गियर अडतो आणि रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो. मेकॅनिकनं दोनदा एअर काढली. दोन्ही वेळा तीन-चार दिवस गाडी छान चालली आणि मग पुन्हा तेच. आता तो म्हणतोय क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा अख्खा सेट टाका. त्यांना विचारायचंय की घरच्या घरी क्लच ब्लीड कसा करायचा, म्हणजे त्यातली हवा कशी काढायची, आणि गणपतीला हीच गाडी घेऊन कोकणात जाता येईल का.

ब्लीड करायची रीत पुढे सांगतो. त्याआधी एवढं लक्षात घ्या की हायड्रॉलिक क्लच ही बंद सिस्टीम आहे, तिच्यात हवा आपोआप पैदा होत नाही. दोनदा काढलेली हवा दोनदा परत आली, म्हणजे कुठून तरी ती शिरतेय. ती जागा सापडेपर्यंत तुम्ही दर आठवड्याला ऑइल ओतत बसाल. मेकॅनिकनं पहिल्यांदा हवा काढली ते बरोबरच केलं. सेट टाकायचा सल्ला मात्र मला आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी वाटतो.

का, ते सांगतो. प्लेट झिजली की क्लच धरत नाही. चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. तुमची तक्रार नेमकी उलटी आहे: क्लच सुटत नाही. आता प्लेटच्या बाजूनंही क्लच न सुटण्याची कारणं असतात. अस्तर तुटून मध्ये अडकतं, प्रेशर प्लेटची बोटं वाकतात, किंवा गाडी पावसाळाभर उभी राहिली तर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. पण यातलं काही असतं तर नुसती हवा काढून गाडी तीन-चार दिवस सुधारली नसती. ती सुधारली, यातच दुखणं पाइपातल्या ऑइलमध्ये आहे याचा पुरावा आहे.

आणखी एक गोष्ट, जी सेट विकणारे सहसा सांगत नाहीत. प्लेट झिजत जाते तसा स्लेव्ह सिलिंडरचा (ऑइलच्या दाबानं क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सजवळचा) पिस्टन हळूहळू आत ढकलला जातो आणि वर्षानुवर्षं आतल्याच पट्ट्यात काम करतो. नवा सेट टाकला की पिस्टन पुन्हा तोंडाकडे येतो, म्हणजे जिथे धूळ, पाणी आणि गंज बसलेला असतो तिथे. जुनं रबर त्या खरखरीत भागावर घासलं की दोन-चार आठवड्यांत गळायला लागतं. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी देऊन झालेली असते आणि पेडल परत मऊच. त्यामुळे या वयाच्या गाडीला सेट टाकायचाच असला तरी सिलिंडरांचा हिशेब त्याच्याबरोबरच करावा लागतो.

आता थोडं आकड्यांत बोलू, म्हणजे एवढ्याशा हवेनं एवढा गोंधळ कसा होतो ते कळेल. गॅरेजमध्ये आम्ही पेडलामागच्या मास्टर सिलिंडरला अप्पर म्हणतो आणि गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्हला लोअर. अप्परचा बोअर (आतली गोल पोकळी) १६ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ३० मिलिमीटर धरली, तर एका दाबात साधारण ६ मिलिलिटर ऑइल सरकतं. एक चमचाभर. तेवढ्यानं लोअरचा दांडा समजा १५ मिलिमीटर सरकतो आणि क्लच सुटतो. पाइपात १ मिलिलिटर हवा असली तर दाबाखाली ती जवळजवळ पूर्ण आवळते आणि तेवढं ऑइल फुकट जातं. दांडा साडेबारा मिलिमीटरच सरकतो. प्लेट अर्धवट धरलेली राहते, गियर अडतो. तुमच्या गाडीचे नेमके आकडे थोडे वेगळे असतील, पण प्रमाण साधारण हेच. ब्रेकमध्ये थोडी हवा असली तर पाय आणखी दाबून वेळ मारून नेता येते. क्लचमध्ये तेवढी ऐसपैस जागाच नसते.

तपासणी करायला हत्यार लागत नाही. इंजिन बंद असताना सगळे गियर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत अडतात, म्हणजे गिअरबॉक्स ठीक आहे, क्लच सुटत नाही. मग इंजिन चालू करून पेडल भराभर चार-पाच वेळा मारा आणि लगेच गियर टाका. पंप केल्यावर गियर पडला तर हवा किंवा रबर. पंप करूनही काही फरक नाही आणि पेडल चांगलं कडक लागतंय, तर मात्र दुखणं आत, फोर्कपासून (बेअरिंग ढकलणाऱ्या काट्यापासून) पुढे आहे, आणि तेव्हा सेटचं बोलणं रास्त.

तिसरी चाचणी सपाट मोकळ्या जागेत, पुढे कुणी उभं नसताना करा. उजवा पाय ब्रेकवर, क्लच पूर्ण दाबून पहिला गियर टाका आणि पेडल मिनिटभर तसंच धरून ठेवा. थोड्या वेळानं गाडी पुढे ओढायला लागली, इंजिन दबायला लागलं, तर अप्परमधलं रबर आतल्या आत ऑइल मागे सोडतंय. असं ऑइल बॉनेटखालच्या ऑइलच्या डबीतच परत जातं, त्यामुळे बाहेर थेंब दिसत नाही आणि पातळीही उतरत नाही. मालक बिचारा म्हणत राहतो, गळत तर काहीच नाही.

पातळीवरून आठवलं. डबीवर मार्कर पेननं रेघ मारा आणि चार दिवसांनी बघा. प्लेट झिजल्यानं क्लचची पातळी उतरत नाही, झालीच तर किंचित वर येते. उतरली म्हणजे गळती आहे, बाकी चर्चा नको. बॉनेट उघडल्यावर क्लचची डबी वेगळी आहे की ब्रेकच्या डबीतूनच क्लचला नळी गेलीय, तेही बघून घ्या. काही गाड्यांत डबी एकच असते, आणि मग क्लचची गळती ही ब्रेकचीही काळजी ठरते.

गळती शोधायच्या जागा दोन. ड्रायव्हरच्या पायाशी वाकून पेडलाच्या वर, अप्परचा दांडा जिथून आत जातो तिथे बोट फिरवा. बोट ओलं झालं, किंवा पेडलाच्या ब्रॅकेटचा रंग फुगून सुटलेला दिसला, तर अप्पर गळतोय. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं आणि ते रंग खातं, त्यामुळे ही खूण सहसा चुकत नाही. मग खाली जाऊन लोअरचं रबरी बूट मागे सारून आत बघा. तिथे कोरडी धूळ हवी. काळा चिकट लगदा निघाला, तर लोअर गेला.

तुमच्या बाबतीत माझा संशय लोअरवर आहे. हवा काढल्यावर तीन-चार दिवस ठीक आणि मग हळूहळू बिघाड, ही चाल लोअरची. त्यातल्या रबराची कड दाबाखाली बाहेरच्या बाजूला चिकटून बसते, म्हणून पेडल दाबताना ऑइल फारसं गळत नाही. पण पेडल झटकन सोडलं की आत क्षणभर ओढ निर्माण होते आणि झिजलेली कड तेवढ्यात हवेचा घोट घेते. साकीनाक्याच्या एका ट्रॅफिकमध्ये क्लच किती वेळा दाबता-सोडता याचा विचार करा. म्हणून मुंबईत जे दुखणं चार दिवसांत उठतं, तेच हायवेवर महिनाभर दबून राहतं.

मुंबईचा पाऊस लोअरचा आणखी एक शत्रू. तो गाडीच्या पोटाशी असतो. हिंदमाताला किंवा सायनला तुंबलेल्या पाण्यातून एकदा गाडी काढली आणि बूट जरा फाटलेलं असलं, की पाणी आत जाऊन बसतं आणि ऑक्टोबरपर्यंत बोअरला गंजाचे खड्डे पडतात. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. कोरडं डॉट ३ साधारण २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपास. क्लचचा पाइप सायलेन्सरच्या जवळून जात असेल तर गर्दीत ताप चढतो आणि जुन्या ऑइलची वाफ होते. सकाळी पेडल ठणठणीत आणि तासभर कोंडीत अडकल्यावर ढिलं, असं होत असेल तर हे कारण. डबीतलं ऑइल चहासारखं तपकिरी किंवा काळं असेल तर बाकी काही करण्याआधी ते बदला.

आता ब्लीडिंग. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर आधी सेक्रेटरींची परवानगी घ्या आणि खाली जाड पुठ्ठा अंथरा. क्वालिस उंच आहे, कित्येकदा न उचलताही हात पोचतो. उचलावीच लागली तर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, चाकांना पुढे-मागे ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, अगदी 'दोनच मिनिटं' म्हणूनसुद्धा नाही.

सामान साधं आहे. सीलबंद ब्रेक ऑइल, डबीच्या झाकणावर लिहिलंय त्याच दर्जाचं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते अजिबात नको. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही नको, सगळी रबरं फुगून बसतील. छोटीच बाटली घ्या, कारण गेल्या वर्षी उघडून कपाटात ठेवलेली बाटली पाणी पिऊन बसलेली असते. निपलच्या (लोअरवरच्या हवा काढायच्या छोट्या स्क्रूच्या) मापाचा रिंग पाना, गाडीप्रमाणे ८, १० किंवा ११ चा. पारदर्शक नळी: माशांच्या टाकीची चालते, मेडिकलमधली सलाइनची पण चालते. एक जुनी बाटली, एक मोठी सिरिंज, भरपूर चिंध्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण खाली झोपून वर बघत काम करायचंय. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा, ते पाण्यात विरघळतं.

आदल्या रात्री निपल तारेच्या ब्रशनं घासून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी फिक्स पान्यानं झटापट करू नका, कडा गोल होतात. रिंग पाना बसवून हलकी टिचकी द्या. तरीही हलला नाही तर जोर लावून निपल तोडण्यापेक्षा लोअरच नवा घ्या. तुटलेला निपल काढण्यात अर्धा दिवस जातो, आणि ज्या लोअरचा निपल इतका गंजलाय त्याचं आतलं रूप मी न बघता सांगू शकतो.

सिरिंजनं डबीतलं जुनं ऑइल ओढून घ्या, तळाचा गाळ पुसा, नवं भरा. नळी निपलला लावा, थोडी वर उचलून मग खाली बाटलीत सोडा, आणि तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं ठेवा. पेडलाला हात न लावता निपल अर्धा-पाऊण आटा उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं ऑइल आपल्या वजनानं उतरू द्या. डबी रिकामी होऊ देऊ नका. पुष्कळदा निम्मं काम इथेच होतं, आणि घाईची गॅरेजेस नेमकं हेच टाळतात.

मग दोन माणसांचं काम. वरचा माणूस पेडल हळू दाबतो आणि 'दाबलं' म्हणतो. खालचा निपल उघडतो, ऑइल-बुडबुडे येऊ देतो, निपल बंद करतो आणि मगच 'सोड' म्हणतो. हा क्रम चुकला तर जेवढी हवा काढली तेवढी परत आत. पेडल खालीच राहिलं तर पायाच्या पंजानं वर ओढा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दर पाच-सहा वेळांनी डबी बघा. दाबणं हळूच हवं. पोरं जोरजोरात पंप करतात, त्यानं मोठा बुडबुडा फुटून ऑइलचा फेस होतो आणि फेस काढायला तिप्पट वेळ लागतो. जुन्या अप्परमध्ये आणखी एक धोका: रोजच्या चालीपलीकडे, पार तळापर्यंत पेडल गेलं की रबर कधी न घासलेल्या गंजक्या भागावर जातं आणि फाटतं. म्हणून पेडलाखाली लाकडाचा एक पातळ तुकडा ठेवा.

एवढं करूनही पेडल मऊच राहिलं, तर निपलची जागा तपासा. निपल लोअरच्या सगळ्यात उंच बिंदूवर नसेल तर वरच्या कोपऱ्यात हवेचा फुगा अडकून राहतो, आणि लिटरभर ऑइल घातलं तरी तो हलत नाही. अशा वेळी मी लोअरचे दोन बोल्ट काढतो, पाइप न सोडता लोअर हातात घेतो, निपल आणि पाइपाचं तोंड वर करतो आणि पिस्टन अंगठ्यानं सावकाश पूर्ण आत दाबतो. वर डबीत बुडबुडे उमटताना दिसतात. पिस्टन सोडायचा, परत दाबायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. लोअर असा बाहेर असताना कुणी पेडल दाबलं तर पिस्टन उडून बाहेर येतो, म्हणून त्या वेळी ड्रायव्हरच्या सीटवर कुणालाही बसू देत नाही.

दुसरी रीत उलट्या ब्लीडिंगची. सिरिंजमध्ये नवं ऑइल भरून निपलमधून खालून वर ढकलायचं. हवेला वर जायचंच असतं, तिच्या वाटेनंच तिला घालवायचं. आधी डबी अर्धी रिकामी करा, नाहीतर बॉनेटखाली ऑइल सांडेल. मात्र लोअरमध्ये काळा लगदा असेल तर ही रीत नको, सगळी घाण वर अप्परमध्ये जाईल.

रबरी होजकडेही बघा. कुणाला तरी पेडल दाबायला सांगून होज मुठीत धरा. हाताखाली फुगताना जाणवला तर बदला, हवा नसतानाही पेडल मऊ लागायचं ते एक कारण.

शेवटी पेडलाची मोकळीक. अप्परचा दांडा पिस्टनला सतत टेकलेला नको, किंचित ढिला हवा. पेडल मऊ लागतं म्हणून काही जण दांडा लांब करून वेळ मारून नेतात. त्यानं आतलं परतीचं छिद्र बंद राहतं, ऑइल डबीत परत जाऊ शकत नाही, क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो आणि मग खरोखरच प्लेट जळते.

आता तुम्ही काय करावं. बूट मागे सारून बघा. ओलं असेल तर ब्लीडिंगवर आणखी पैसे घालू नका, लोअर बदला. 'किट टाकून देतो', म्हणजे नुसती आतली रबरं बदलतो, असं कुणी म्हणालं तर पिस्टन काढून बोअरमध्ये नख फिरवून बघायला सांगा. नख अडकलं तर किट बाद, अख्खा लोअरच घ्यायचा. पॉलिश पेपर मारून किट घातलं की ते पुढच्या पावसाळ्याची वाटही बघत नाही. अप्पर मूळचाच असेल तर मी दोन्ही एकदम बदलायला सांगेन, शक्य असेल तर होजसकट. खर्च वाढतो हे खरं, पण एकाच ऑइलमध्ये वीस वर्षं भिजलेली रबरं थोड्याच अंतरानं मागेपुढे जातात. ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला पार्ट मिळेल. जुना नमुना बरोबर न्या, बोअरचं माप आणि पाइपाचा आटा जुळवून घ्या, सुट्या खोक्यातला माल नको. नवा अप्पर बसवताना तो आधी टेबलावर ऑइलनं भरून घ्यायला सांगा, कोरडा बसवला तर हवा काढता काढता संध्याकाळ होते.

तुमच्या क्वालिसमध्ये लोअर बाहेर आहे म्हणून हे सगळं सोपं. ज्यांच्या गाडीत तो घंटेच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या बेल हाउसिंगच्या) आत, बेअरिंगशीच जोडलेला असतो, त्यांना गळतीसाठीही गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्यांनी क्लच सेट त्याच वेळी टाकावा हे बरं.

काम झाल्यावर गाडी आयडलवर, क्लच दाबून तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. जुन्या बॉक्समध्ये रिव्हर्सला सहसा सिंक्रो (दात जुळण्याआधी वेग जुळवणारी कडी) नसतो, त्यामुळे क्लच केसभर जरी अडकत असला तरी तो कर्र करून सांगतो.

गणपतीचं म्हणाल तर सध्याच्या अवस्थेत जाऊ नका. माणगावच्या कोंडीत पाऊल-पाऊल सरकताना क्लच बसला तर घरच्यांना गाडीत बसवून रस्त्याच्या कडेला थांबावं लागेल. पार्ट बदलल्यावर आठवडाभर गाडी शहरातच, गर्दीत चालवा. डबीवरची रेघ जिथल्या तिथे राहिली आणि बूट कोरडं निघालं तर खुशाल निघा. डिकीत ऑइलची सीलबंद बाटली, निपलचा पाना आणि हातभर नळी टाकून ठेवा.